पायांकडे पाहणारे तिजारेबाबू

तिजारेबाबू माणसाच्या तोंडाकडे पाहून कधी बोलत नसत, पायांकडे पाहून बोलत. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हा पन्नाशीला टेकलेला किडकिडीत गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला आणि बराच वेळ माझ्या चपला न्याहाळत राहिला. मला वाटलं, शेण-बिण लागलं असेल. मी टेबलाखाली वाकून दोन्ही चपला उलट्या करून पाहिल्या.

"नाव काय गा तुझं?" त्यांनी चपलांना विचारलं.

"भास्कर."

"भास्कर, तुझं मन नाही इथं. दोन्ही अंगठे दाराकडं आहेत."

मन नव्हतंच. मला शाळेत मास्तर व्हायचं होतं आणि वडिलांनी वशिला लावून मला इथे आणून बसवलं होतं. पण ते सगळ्या हॉलसमोर सांगायची गरज काय? माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि ती पुढे कित्येक वर्षं उतरली नाही. मी मुळातच तापट माणूस. आमच्या घरी माझ्या ताटात ठेचा वाढायचा असला की आई आधी माझा चेहरा बघते. तरी सांगतो, या एका माणसाने मला जेवढा संताप आणला, तेवढा साहेबाने, सासऱ्याने आणि नागपूरच्या मे महिन्याने मिळूनही आणला नसेल.

त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागे. "तोंड काय गा, तोंड सरकारी आहे. वरून जो हुकूम येते तसं चालते. साहेब आला की हसते, बायको आली की पडते. खरं पाहाचं असलं तं खाली पाह्यजो."

खाली म्हणजे पाय, हात, पदराचं टोक, कपाची दांडी, खुर्चीचा कोन. या सगळ्यांतून त्यांना एकच गोष्ट शोधायची असे: कोणाच्या मनात कोण आहे. बाकी जगाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. ऑफिसात क्रिकेटवरून हाणामारीची वेळ यायची, निवडणुका यायच्या-जायच्या, साखर मिळेनाशी व्हायची, तिजारेबाबू ढिम्म. पण टायपिंगच्या कोपऱ्यातून एखादं हसू जरा लांबलं, की फाईल तशीच उघडी टाकून ते मान वर करत. मग पुटपुटत, "खूण आहे." किंवा नुसतीच मान हलवत, "खूण नाही." न्यायाधीशसुद्धा निकाल देताना इतका छाती काढून बसत नसेल.

बरं, दिसलं ते मनात ठेवावं की नाही? ते नाही. ज्याला आवडतं आणि जो बोलत नाही, अशा माणसाचा त्यांना भयंकर राग. आमच्याकडे गजभिये नावाचा एक लाजाळू पोरगा होता. मान खाली घालून येणार, मान खाली घालून जाणार. टायपिंगला मिस रामटेके होत्या. एक दिवस भर दुपारी, वर पंखे घरघरत असताना, तिजारेबाबू हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि कडाडले.

"अबे गजभिये! तुझ्या टेबलामागं माठ आहे. त्यातलं पाणी खारं लागते का बे तुले? उन्हाळाभर तू हॉल ओलांडून बाईच्या मागच्या माठातलं पाणी पिऊन राहिला! आणि तू वं रामटेकेबाई, त्याच्यापुरता गिलास विसळून उपडा ठेवते. आमच्यासाठी विसळला का कधी? बोलत काहून नाही तुम्ही? माठ फुटाची वाट पाहून राहिले का?"

हॉलमध्ये असा सन्नाटा पसरला की टाइपरायटरसुद्धा लाजले. गजभियेचे कान लाल झाले, तो उठला आणि सरळ सायकल काढून घरी गेला. मिस रामटेके टेबलावर डोकं ठेवून रडायला लागल्या. मी तर तिजारेबाबूंच्या अंगावर धावूनच गेलो. "तुम्हाला काही जनाची मनाची? एका बाईमाणसाला भर ऑफिसात असं बोलतात?" तिजारेबाबूंनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुले राग आला ते खरं आहे गा. पण पाहा न, ती रडून राहिली, गजभियेवर रडून राहिली. माझ्यावर नाही."

त्या दोघांचं वर्षाच्या आत लग्न झालं. पत्रिका सगळ्या ऑफिसला आली, फक्त तिजारेबाबूंना आली नाही. तरी ते गेले. पंगतीत बसून पोटभर जेवले, वधूवरांच्या पायांकडे टक लावून पाहिलं आणि "अजून आहे," म्हणून खुशीत घरी आले. मला तर त्यांना पंगतीतून उठवावंसं वाटत होतं.

नेहमीच बरोबर निघत असं मात्र नाही. एकदा त्यांनी जाहीर केलं की अकाउंट्सच्या सोमकुंवरबाई साहेबांच्या केबिनवरून जाताना हटकून पदर सारखा करतात, तेव्हा खूण आहे. साहेब दोन मुलांचे बाप, सोमकुंवरबाई तीन मुलांची आई. ही वार्ता साहेबांपर्यंत पोचली. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की केबिनच्या दारापाशी कूलर आहे, आणि त्याच्या झोतात आला की शिपाईसुद्धा टोपी धरतो. साहेबांनी त्यांना आत बोलावून असं झापलं की कूलरच्या आवाजातूनही आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आता तरी या माणसाचा माज उतरेल, असं वाटलं. ते बाहेर आले, रुमालाने मान पुसली आणि माझ्याजवळ वाकून म्हणाले, "कूलरचं माझं चुकलं. पण साहेबाचा पाय काहून थरथरून राहिला होता, ते सांग."

असा हा माणूस. पण लोकांना काय लागतं? त्यांची कीर्ती आमच्या समाजात पसरली. मुलगी पाहायला जायचं असलं की लोक तिजारेबाबूंना सोबत नेऊ लागले. कोणाचे लांबचे मामा म्हणून, कोणाचे वडिलांचे मित्र म्हणून. ते खुर्चीवर बसत नसत. भिंतीशी सतरंजीवर बसत, म्हणजे खालचं सगळं दिसतं. तिथे तोंडातून अक्षर काढत नसत. परतीच्या रिक्षात बसले की मग निकाल सांगत. "पोरगी हो म्हणते, पण तुमच्या घराले म्हणते, तुमच्या पोराले नाही." किंवा, "पोट्टा टाय घालून आला, पण पोरीनं कप समोर धरला तं यानं मांडीवरचा हात उचलला नाही. याले बायको नाही, कामाले बाई पाहिजे." त्यांच्या शब्दावर ठरलेली लग्नं मोडली, मोडायला आलेली ठरली. लोक त्यांचं ऐकत, त्यांना घाबरत आणि मागे शिव्या देत. शिव्या देणाऱ्यांत मी पहिला.

आणि एक दिवस आमचे बाबाच म्हणाले, "भास्कर, तुमच्या ऑफिसातल्या तिजारेजीले रविवारी बोलावजो."

माझी धाकटी बहीण शशी बी. ए. होऊन घरी होती. सक्करदऱ्याला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. बाबा निवृत्तीला आलेले, आईचे गुडघे गेलेले. आधी दोन स्थळं नुसती येऊन खाऊन गेली होती. आता सावनेरचं स्थळ आलं होतं. मुलगा सुधाकर तिकडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात पर्मनंट, निर्व्यसनी, घरची थोडी शेती, आणि मागणी काही नाही. असं स्थळ दारात येतं आणि त्यात त्या माणसाला मध्ये घुसवायचं? मी बाबांशी कडाक्याचं भांडलो. बाबा म्हणाले, "मुलगा कसा आहे, ते आपल्याले समजाचं नाही. त्यांले समजते." मी मुकाट्याने निरोप दिला. तिजारेबाबू म्हणाले, "येतो न."

रविवारी संध्याकाळी सावनेरची मंडळी आली. मुलगा, त्याचे जाड मिशांचे मामा, दोन काका, आणि त्यांच्यासोबत रिक्षातून उतरले तिजारेबाबू. मी दारातच थिजलो.

"तुम्ही यांच्याकडून?"

"यांनी आधी सांगितलं होतं. मग तू सांगितलं. दोघांले हो म्हटलं." ते माझ्या पायांना म्हणाले. "काहून? कोणी विचारलं नाही मले, दुसरीकडून कोणी बोलावलं का म्हून."

तिकडे मामा आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिले. दोन्ही पक्षांनी गुपचूप आपापला पारखी म्हणून एकच माणूस आणला होता. मग त्याला बसवायचं कुठे? बाबा म्हणाले इकडे, मामा म्हणाले इकडे. शेवटी तिजारेबाबू दोन सतरंज्यांच्या मधल्या फरशीवर, उंबऱ्याला पाठ लावून बसले. दोन्हीकडून त्यांना चिवडा सरकवला गेला. मी हातातला ट्रे रागाने खाली आपटला.

शशी आली. आईची जांभळी साडी, केसांत अबोली. तिने पोहे दिले, चहा दिला. मामांनी विचारलं, स्वयंपाक येते का, येते म्हणाली. शिवण? येते. एखादं गाणं? तिने खणखणीत आवाजात एक भक्तिगीत म्हटलं. मामा खूश. काका खूश. आणि मुलगा! त्या मुलाची कथा मला आजही आठवते. शशी आली तेव्हापासून त्याने पोह्यांचा चमचा उचलला, तो तोंडाशी नेलाच नाही. चहा निवला, त्यावर साय आली, तरी त्याला पत्ता नाही. एकदा तो घाईघाईने काही बोलायला गेला आणि काय बोलायचं तेच विसरला. मला तो आवडला. मनातल्या मनात मी मांडव घातला, बाहेर वाजंत्री बसवली.

"आमच्याकडून पसंती आहे बरं का," मामा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "काय तिजारेजी?"

बाबांनीही आशेने तिकडेच पाहिलं.

तिजारेबाबूंनी हातातली बशी खाली ठेवली. "आता मी कोणाच्या रिक्षात बसून सांगू?" ते म्हणाले. "तुमच्या बसलो तं यांले समजणार नाही. इथं राहिलो तं तुम्हाले समजणार नाही. म्हून इथंच सांगतो. पोरीच्या मनात नाही."

शशीच्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय बोलून राहिले?" मामा ओरडले. "हसून बोलली न ती! गाणं म्हटलं!"

"तोंडाचं सोडा. तिनं तुम्हाले जसा कप देल्ला, तसाच पोराले देल्ला. काकाले देल्ला, तसाच पोराले. घाबरली असती तरी चाललं असतं. थोडी सांडली असती, चुकली असती, तरी मी हो म्हटलं असतं. ती काहीच चुकली नाही जी." मग त्यांचा आवाज चढला, गजभियेवर ओरडले होते तसा. "आणि पोराच्या मनात आहे! भरून आहे! दोघांच्याही मनात नसतं तं मी बोललो नसतो, लावून दिलं असतं, सारखे राहिले असते दोघं. पण एकाच्या मनात आहे आणि एकाच्या नाही, असं लग्न नका करू. हात जोडतो, नका करू."

मग जो गोंधळ माजला तो विचारू नका. मामा म्हणाले, "पोरगी पाहाले आणलं तुम्हाले, का मोडाले?" काका म्हणाले, मनात नाही म्हणजे दुसरं कोणी आहे, असंच ना? झालं, नेमकं तेच व्हायचं होतं. आमच्यात एकदा असं बोललं गेलं की पुढचं स्थळ पायरी चढत नाही. आई आत जाऊन रडायला लागली. बाबांची मान खाली. मुलगा तेवढा शांत होता. त्याने थंड चहाचा कप खाली ठेवला, शशीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मामा, चला."

मी तिजारेबाबूंचा दंड धरला आणि त्यांना घराबाहेर काढलं. अंगणात नेऊन जे तोंडात आलं ते बोललो. वयाचा मान ठेवला नाही. ते माझ्या पायांकडे पाहत उभे राहिले आणि माझं बोलणं संपल्यावर चालत निघून गेले.

आत आलो तर शशी मोरीपाशी कप विसळत होती. मी तिच्यावरही ओरडलो. "खरं सांग. कोणी आहे का?"

"कोणी नाही."

"मग तो खोटं बोलला!"

"नाही," शशी म्हणाली. "माणूस चांगला आहे दादा. पण त्याच्याकडं पाहून मले काहीच वाटलं नाही. लाज नाही, भीती नाही, काहीच नाही."

"मग आधी सांगितलं काहून नाही?"

तिने कप असा आदळला की त्याची दांडीच हातात आली. "विचारलं कोणी? बाबांनी हुंडा विचारला. आईनं उंची विचारली. तू नोकरी पर्मनंट आहे का ते विचारलं. मले कोणी विचारलं? एक तो तिऱ्हाईत माणूस, त्यानं विचारलं नाही, पण पाहिलं तरी!"

तरी माझा राग गेला नाही, उलट दुप्पट झाला. तो माणूस खोटा निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खरा निघाला आणि वर माझ्या बहिणीचं नाव गावभर करून गेला. तुम्हाला दिसतं म्हणून तुम्ही बोलणार, आणि निस्तरायचं आम्ही? सोमवारी ऑफिसात जाऊन त्यांची कॉलर धरायची असं ठरवूनच मी निघालो. तर हे महाशय रजेवर! मग मात्र मी तापलोच. ऑफिस सुटल्यावर सायकल सरळ त्यांच्या वस्तीकडे, जुन्या शुक्रवारीकडे वळवली. त्यांच्या घरी मी तोवर कधी गेलो नव्हतो.

दार एका ठेंगण्या, गोऱ्या बाईंनी उघडलं. तिजारेबाबूंची बायको. मी नाव सांगितलं. "ते सावनेरले गेले सकाळी," काकू म्हणाल्या. "येतीलच. बसा."

सावनेरला! म्हणजे तिकडच्या मंडळींची मनधरणी करायला गेले, आम्हाला वाऱ्यावर सोडून! मी दात-ओठ खात बसलो. काकूंनी पाणी दिलं, चहा दिला. चहा उत्तम होता. घर लख्ख होतं. दोरीवर तिजारेबाबूंचे बुशशर्ट एकाच मापाच्या घड्या घालून ठेवले होते. मूलबाळ नव्हतं. काकूंनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग समोर बसून तांदूळ निवडू लागल्या. "तुमचं माहेर कुठलं?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. "कुही," त्या म्हणाल्या. "भाताचं गाव." आणि पुन्हा निवडू लागल्या. अंधार पडला. त्यांनी उठून दिवा लावला, देवाला उदबत्ती लावली आणि पुन्हा सुपापाशी येऊन बसल्या.

फाटक वाजलं. खिडकीतून मला तिजारेबाबू दिसले. धुळीने भरलेले, थकलेले. आत यायच्या आधी ते फाटकाशी थांबले, रुमालाने तोंड पुसलं, खिशातून फणी काढून केस नीट केले, शर्टाची कॉलर ओढली. मग आत आले. काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला बादली ठेवली, टॉवेल दिला. सगळं जिथल्या तिथे आणि वेळच्या वेळी. पिशवीत बोरं होती. "सावनेरच्या स्टँडवर भेटली वं. गोड आहेत," ते म्हणाले. काकू बोरं घेऊन आत गेल्या.

मी उभा राहिलो. "तिजारेबाबू, तुम्ही आमच्या..."

"हळू बोल गा," ते म्हणाले. "तुझी काकू आत आहे." जो माणूस भर ऑफिसात, भर बैठकीत ओरडतो, तो स्वतःच्या घरात कुजबुजत होता. मला हाताला धरून ते बाहेर, फाटकाशी घेऊन आले.

मी तिथे मन मोकळं केलं. सगळं सुनावलं. शशीचं नाव खराब झालं, आता कोण येणार, तुम्हाला काय अधिकार. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्याच्याचसाठी गेलो होतो न," ते म्हणाले. "मामाले सांगितलं, पोरीचं कुठंच काही नाही. मी भैताड माणूस, दिसलं ते बोललो. पण तिचं नाव घेतलं तं सावनेरच्या भर बाजारात उभा राहीन आणि तुमच्या घरच्या एकेकाच्या खुणा सांगीन. मामा घाबरले. काहून घाबरले ते मी पाहिलं नाही." ते किंचित हसले. "पोट्टा स्टँडवर सोडाले आला होता. बोलला काही नाही. बस सुटेपर्यंत उभा होता."

हे इथेच सांगून टाकतो: शशीला कोणी नाव ठेवलं नाही, आणि पुढे तिचं लग्न झालं ते तिच्या मनाने झालं. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं आणि माझा राग अजून शिल्लक होता.

"पण तुम्हाला काय पडलं होतं?" मी विचारलं. "झालं असतं लग्न. संसारात होतं सगळं ठीक. सगळ्यांचं होतं."

तिजारेबाबू फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले.

"मी कुहीले गेलो होतो, पोरगी पाहाले," ते म्हणाले. "मोठे भाऊ होते, मामा होते. मी काय पाहिलं, सांगू? रंग पाहिला. केस पाहिले. आवाज ऐकला. माझं तं तिथंच ठरलं. चमचा खाली पडला हातातून, लोक हसले. तिच्या मनात काय आहे, ते पाहाचं असते, हे मले मालूमच नोतं गा."

"दुसरं कोणी होतं?"

"कोणी नोतं. असतं तं बरं झालं असतं, त्याच्यावर राग धरला असता मी. तिच्या मनात कोणीच नोतं. आणि मीही नोतो." त्यांनी घराकडे पाहिलं. "वाईट नाही गा ते. तिनं कधी काही कमी केलं नाही. मले टायफाइड झाला होता तं महिनाभर उशाशी बसली. पण लोकाच्या बाया पाहतो मी. नवरा आला की आवाज बदलते, हात थांबते, उगाच रागावते. मी एकेक पाहत गेलो. घरी येऊन शोधत गेलो. असं करता करता मले सगळ्या दुनियेचं दिसाले लागलं."

 अशा वेळी मला फक्त चिडता येतं. मी सायकल स्टँडवरून काढली.

"भास्कर," ते एकदम जवळ आले. "एक विचारू? मी घरी असतो तेव्हाच मले ती दिसते. मी नसताना कशी असते, ते मले कधी पाहाले भेटलं नाही. तू आज इतका वेळ बसला होता. बस लेट झाली, अंधार पडला. तिनं... एखाद्या वेळी दाराकडं पाहिलं का गा?"

काकूंनी एकदाही दाराकडे पाहिलं नव्हतं. तांदूळ निवडले होते, दिवा लावला होता, आणि पुन्हा तांदूळ निवडले होते.

"पाहिलं," मी रागानेच म्हणालो. "दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा तर विचारलंही, सावनेरची बस रोज इतकी लेट येते का म्हणून."

"विचारलं?"

"हो, विचारलं! किती वेळा सांगू?"

 तिजारेबाबूंनी खिशातून पुन्हा फणी काढली, ती तशीच परत ठेवली आणि जवळजवळ धावत घरात गेले. मी पायडलवर पाय ठेवला होता. आतून त्यांचा आवाज आला, कुजबुजता नव्हे, चांगला मोकळा, फाटकापर्यंत ऐकू येईल असा.

"अवं कमल, बस उमरीजवळ बिघडली होती. म्हून उशीर झाला वं मले."

काकूंनी काय उत्तर दिलं ते मला ऐकायचं नव्हतं. मी सायकल जोरात हाणली.